शुक्रवारी न येणाऱ्या मावशी

कुठलीही लढाई शिकवायला घेतली की मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. सर फळ्यावर सैन्याची मांडणी काढत. उजवी बगल, डावी बगल, मधोमध तोफखाना. खडूचे बाण इकडून तिकडे धावत. आम्ही माना खाली घालून ते वहीत उतरवून घेत असू, आणि मागच्या बाकावरून आवाज येई, "सर, त्या दिवशी भाकरी कुणी केल्या?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही नऊजण. एकोणीसशे त्र्याण्णव साली नगरच्या कॉलेजात इतिहास घेऊन एम.ए. करणारे तेवढेच निघाले होते. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हंजे येवढी माणसं सकाळच्या पारी लढायला निघाली, तर पोटात कायतरी घालूनच निघाली आसतील ना? आमच्या बाजारात चार-पाचशे माणसं जेवत्यात, तर आमी चौघी बाया पहाटंपास्नं चुलीम्होरं बसतो. तितं तर लाखभर. मंग दळलं कुणी, थापलं कुणी? पुस्तकात कुटंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक काखेत मारून आले आणि छावणीतल्या बाजारबुणग्यांवर पाऊण तास बोलले. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे माझा अभ्यास झाला." मावशींनी पदर डोक्यावर सारखा केला आणि लाजून खिडकीबाहेर बघत बसल्या.

आज मी शिकवते तेव्हा हाच प्रश्न मुलांना विचारते. मुलांना तो आवडतो. त्यांना वाटतं, प्रश्न माझाच आहे. मी त्यांना तसं वाटू देते.

मावशी चाळिशीच्या होत्या. घोडेगावच्या. तिथे दर शुक्रवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारात त्यांचं पाल असायचं. चार बांबू, वर ताडपत्री, तीन चुली. गिऱ्हाईक म्हणजे लांबून बैल-म्हशी घेऊन आलेले शेतकरी आणि व्यापारी. पिठलं, भाकरी, ठेचा आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचे शेंगोळे. त्यांचे यजमान बाजारात जनावरांचे सौदे जुळवून द्यायचे. म्हणजे शुक्रवार हा त्या घराचा कमाईचा दिवस. त्या दिवशी मावशी कॉलेजला येणं शक्यच नव्हतं. बाकीचे पाच दिवस मात्र त्या एस.टी.ने ये-जा करत, आणि आमच्यासारख्या नगरमध्ये राहणाऱ्या मुलामुलींच्या आधी वर्गात येऊन बसलेल्या असत.

त्यांच्याकडे विद्यार्थ्याचा पास होता. त्यावर डोक्यावरून पदर घेतलेला त्यांचा फोटो. नवा कंडक्टर आला की पास उलटासुलटा करून बघायचा आणि विचारायचा, "पोरीचा पास हाय का, मावशी?" त्या शांतपणे सांगायच्या, "पोरीचा न्हाई, पोरीच्या आयचा." हे त्या आम्हाला इतक्या ऐटीत सांगत, की आम्ही त्यांना वर्गातही मावशीच म्हणू लागलो.

या वयात एम.ए. कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळी आली की बिऱ्हाड गाडीत, मावशी बिऱ्हाडाबरोबर, आणि शाळा मागे. उन्हाळ्यात परत यायचं तोवर परीक्षा होऊन गेलेली. जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात बसायचं, दिवाळीत पुन्हा उठायचं.

"चौथीत मी तीन वर्सं हुते," त्या म्हणाल्या. "तिन्ही वर्सं महाराजांचा जन्म शिकले. तोरणा घेतला त्ये शिकले. आन् राज्याभिषेकाचा धडा यायच्या टायमाला मी फडात. आमच्यासाटी महाराज कधी गादीवर बसलंच न्हाईत बघ. पुढं लग्न झालं. मंग सतरा नंबरचा फॉर्म भरून धाव्वी केली तवा मला कळालं, राज्याभिषेकाला काय काय झालं हुतं त्ये. लई रडले मी त्या दिवशी. सासूला वाटलं, पेपर आवघड गेला."

दहावीनंतर त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. तेही चुलीपुढे पुस्तक धरून. एम.ए.ला मात्र रोज वर्गात बसायचं, हा त्यांचा हट्ट होता. "सगळं पुस्तक शेवटाच्या पानापातूर कुणीतरी शिकवलेलं ऐकायचंय मला," त्या म्हणायच्या.

शुक्रवारचे तास ही त्यांची एकच अडचण होती. त्या दिवशी श्रीरामपूरहून एक सर यायचे आणि सलग दोन तास इतिहासलेखनशास्त्र शिकवायचे. इतिहास कसा लिहितात, कोणत्या इतिहासकाराचा विचार काय, असा तो पेपर. सगळ्यांत कोरडा आणि सगळ्यांत अवघड. ते सर फक्त शुक्रवारीच येत, म्हणून मावशींनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. वर्गातली मुलं तो तास सर्रास बुडवायची. सगळं लिहून घेणारी मी एकटी. मावशींनी पहिल्याच आठवड्यात मला गाठलं. "मंजू, तू शुक्रवारचं मला देशील व्हय गं?"

मी आनंदाने हो म्हटलं. मला त्या खरंच आवडायच्या. मी शुक्रवारी वहीत कार्बन पेपर घालून लिहायची आणि शनिवारी खालची प्रत त्यांना द्यायची. शनिवारी त्या माझ्यासाठी डबा आणायच्या. बाजारात उरलेलं नव्हे, शनिवारी सकाळी खास केलेलं. आमच्या घरी सावेडीत गव्हाच्या घडीच्या पोळ्या आणि गोडसर वरण. मावशींच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगोळे मी बोटं चाटून खायची. कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली बसून त्या माझी अक्षरं वाचायच्या आणि मी जेवायची. मधूनच त्या विचारायच्या, "ह्यो शब्द काय? वस्तुनिष्ठता? म्हंजे बघ, बैल इकणारा सांगतो त्ये बी ऐकायचं, घेणारा सांगतो त्ये बी ऐकायचं, आन् मंग सोता बैलाकडं बघायचं. आसंच ना?" मी म्हणायची, असंच.

पहिलं वर्ष असं छान गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर लढाया शिकवणाऱ्या आमच्या सरांनी आम्हाला एक निबंध लिहायला सांगितला. विषय पेशवाईतल्या स्वाऱ्या. मी सोळा पानं लिहिली. तळटीपा दिल्या, इंग्रजी ग्रंथांची यादी जोडली. पदवीला मी कॉलेजात पहिली होते. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. माझी मुलगी प्राध्यापक होणार, असं ते दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मला कौतुकाची सवय होती.

मावशींनी सहा पानं लिहिली होती. सर वर्गात आले, त्यांनी ती सहा पानं हातात घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. स्वारी ज्या वाटेने जाते त्या वाटेवरच्या एका गावात काय होतं, एवढंच मावशींनी लिहिलं होतं. किती कडबा जातो, विहिरीचं पाणी किती दिवसांत संपतं, एक बाई सकाळपासून दुपारपर्यंत किती भाकरी थापू शकते, आणि त्यावरून किती गावांच्या बायका कामाला लागल्या असतील. शेवटी एक वाक्य होतं. सनावळी म्हणजे जनावराचे दात, त्यांवरून वय कळतं, पण शहाणा माणूस नुसते दात बघून बैल घेत नाही, चालवून बघतो.

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "गेल्या वीस वर्षांत माझ्या वर्गात असं कुणी लिहिलं नाही." मग त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, एम.ए. झाल्यावर माझ्याकडे पीएच.डी. कराल? विषय माझ्या मनात आहे. आपल्या जिल्ह्यातले आठवडे बाजार. पंचावन्न टक्के तेवढे पाडा, म्हणजे नोंदणीला अडचण यायची नाही."

माझे सोळा कागद मला परत मिळाले. पहिल्या पानावर लाल शाईत एकच शब्द होता, 'ठीक'.

त्या आठवड्यापासून मी कार्बन पेपर वापरणं बंद केलं. मावशींना सांगितलं, कार्बनने हात दुखतो, मी तुम्हाला सारांश काढून देत जाईन. माझ्या मनात मत्सर आहे असं मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. सारांश काढताना आधी उदाहरणं गळाली, मग इतिहासकारांची नावं, मग मुद्देच. चार पानांचं एक पान होऊ लागलं. मावशी ते पान घेऊन म्हणायच्या, "तुझं सारांशाचं बरं हाय, लवकर पाठ हुतं." आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवायच्या. मी जेवायची. एकाही शनिवारी माझा घास अडला नाही, हे मला आज लिहितानाही खरं वाटत नाही. पण ते तसंच आहे.

मार्च महिना आला. शेवटच्या शुक्रवारी श्रीरामपूरचे सर म्हणाले, "शेवटचं प्रकरण नीट करा. इतिहासकारांचे संप्रदाय. त्यावर दोन प्रश्न हमखास येतील." त्या दिवशी वर्गात आम्ही दोघंच होतो, मी आणि शेवगावचा एक मुलगा. तो मुलगा झोपला होता.

शनिवारी मावशींनी विचारलं, "काय म्हणले सर? काय काय करू?"

त्यांच्या हातात अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका होती. मी म्हटलं, "सगळं करा, फक्त शेवटचं प्रकरण या वर्षी नाहीये."

"न्हाई? छापलेलं तर हाय की."

"वगळलंय. सरांनी काल सांगितलं."

मावशींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. ते प्रकरण त्यांना फार जड वाटायचं. त्यांनी पुस्तिका माझ्यापुढे धरली. "मंग तूच खोड. छापलेल्या अक्षरावर रेघ मारायला माजा हात धजत न्हाई."

मी पेन उघडलं आणि त्या प्रकरणावर रेघ मारली. सरळ, पट्टी लावल्यासारखी.

पेपरला ते दोन्ही प्रश्न आले. बाहेर आल्यावर मावशी मला व्हरांड्यात भेटल्या. ओठ सुकलेले. म्हणाल्या, "मंजू, त्यो भाग आला की गं." मी म्हटलं, "हो ना. सरांनी तर तसंच सांगितलं होतं." माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "सरांचं बी चुकत आसंल. तुजं बी नुकसान झालं आसंल ना?" मी मान हलवली. माझं काहीच नुकसान झालं नव्हतं. मी दोन्ही प्रश्न भरपूर लिहिले होते.

निकालात मी कॉलेजात पहिली आले. मावशींना एका पेपरात माझ्याहून जास्त मार्क होते. पण शुक्रवारच्या त्या एका पेपरात त्या जेमतेम सुटल्या होत्या, आणि सगळी बेरीज पंचावन्न टक्क्यांच्या अलीकडे थांबली होती. सर हळहळले. "पुन्हा बसा त्या पेपरला," असं त्यांनी सांगून पाहिलं. पण त्याच पावसाळ्यात मावशींच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. बाजार, पाल, घर आणि आजारी माणूस, सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर पडलं. त्या कॉलेजला परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी सरांनी मला बोलावलं. "तो आठवडे बाजारांचा विषय तसाच पडून आहे. तू घेतेस का?" मी घेतला. घेताना एक क्षण थांबले होते, असं सांगावंसं वाटतं. थांबले नव्हते.

विषय म्हटला की घोडेगावला जाणं आलंच. पहिल्या शुक्रवारी मी बाजाराच्या तोंडाशी घाबरून उभी राहिले. धूळ, शेण, हंबरणं, माणसांची रेटारेट. मावशींनी मला लांबूनच ओळखलं. पिठाचे हात तसेच घेऊन त्या धावत आल्या. मी कशासाठी आले हे ऐकल्यावर त्यांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. क्षणभरच. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि बाजारभर फिरवलं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा होतो ते दाखवलं. बैलाचे दात कसे मोजायचे ते शिकवलं. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांपाशी नेऊन बसवलं. ते माझ्यासारख्या शहरी मुलीशी एरवी बोललेच नसते. प्रत्येकाला त्या ओळख करून द्यायच्या ती अशी, "ही आमची मंजू. माज्याच वर्गातली. मला न्हाई झेपलं, हिला झेपलं."

तीन वर्षं मी घोडेगावला जात होते, आणि तीन वर्षं मी हे वाक्य ऐकत होते. त्यात कडवटपणा नसायचा. पाऊस झाला नाही, असं सांगावं तसं त्या सांगायच्या. पहिल्या वर्षी ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, म्हणजे त्यांना संशय नव्हता. दुसऱ्या वर्षी ते ऐकू आलं की मी वहीत डोकं घालायची. तिसऱ्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं, रेखाचं लग्न झालं. बारावी होऊन वर्षही झालं नव्हतं. मी आहेर घेऊन गेले, जेवले, परत आले. एवढ्या लवकर का, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

नव्याण्णव साली प्रबंध पूर्ण झाला. प्रस्तावनेत मी माझ्या सरांचे, ग्रंथपालांचे, घरच्यांचे आभार मानले होते. मावशींचं नाव लिहायला तीन वेळा पेन उचललं. शेवटी लिहिलं, 'घोडेगाव बाजारातील सर्व माहितीदारांची मी ऋणी आहे.' बांधून आलेली एक प्रत घेऊन मी एका शुक्रवारी दुपारी गेले. बाजार मोडत आला होता. टेम्पोत म्हशी चढवणं चाललं होतं. पालात मावशी एकट्याच चुलीतली लाकडं मागे ओढत होत्या.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि प्रबंध मांडीवर घेतला. बोट ओलं करून एकेक पान उलटू लागल्या. घोडेगावचं प्रकरण आलं तेव्हा ओठ हलवत वाचू लागल्या. बऱ्याच वेळाने वर बघून म्हणाल्या, "किती बैजवार लिव्हलंयस गं. मला आसं सात जन्मात जमलं नसतं. बरं झालं, तुज्याकडं गेलं."

तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. कार्बन पेपर, सारांश, शेवटचा शुक्रवार. बोलताना मी चुलीतल्या राखेकडे बघत होते.

माझं संपल्यावर मावशींनी विचारलं, "म्हंजे सरांनी सांगितलं हुतं, ह्ये करा म्हणून?"

"हो."

"आन् तू खोडलंस."

"हो."

"मीच दिलं तुज्या हातात खोडायला."

बाहेर कुणीतरी बैलाला हाकलत गेलं. मावशींनी प्रबंधावर तळहात ठेवला होता. तो त्यांनी उचलला नाही. "म्हंजे मला झेपत हुतं," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता. तरी मी म्हटलं, "हो मावशी. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त झेपत होतं."

"चार वर्सं झाली," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चार वर्सं मी समद्यांना सांगती, माजं डोकं तेवढं न्हाई. मला वाटलं, आपलं पयल्यापास्नंच आरधं आरधं शिकलेलं, त्यो पाया कच्चा ऱ्हायला. रेखाचे गुरुजी घरी आल्ते. म्हणले, पोरीला कॉलेजात घाला, इतिहासात तिला लई मार्क हायेत. मीच म्हणले त्यान्ला, न्हाई गुरुजी, आमच्या घरात ते डोकं न्हाई. मी करून बघितलंय. झेपत न्हाई. उगं पोरगी तोंडघशी पडंल. पोरगी चार दिवस जेवली न्हाई. तरी मी लग्न लावलं."

मी रडू लागले. मावशी मला जवळ घेतील, असं मला कुठेतरी वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण मला तसं वाटत होतं. मला त्यांच्या डब्याची सवय होती, तशी त्यांच्या मायेचीही होती. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी काय करू सांगा," मी म्हटलं.

"माजं आता काय करतीस? रेखाला जाऊन सांग. बेलापूरला दिलीय तिला. मी सांगितलं तर तिला वाटंल, आय आता मनाची समजूत घालतीय. तुज्या तोंडून सांग. आन् त्याच्या नंतर हिकडं यायचं न्हाई. वाईट वाटून घिऊ नको. तुला बघितलं की माज्या पोटात तुटंल, आन् मला बाजार करायचा आसतो."

मी उठले. प्रबंध परत घ्यावा की नाही, मला कळेना. मावशींनी तो मांडीवरून काढून पिठाच्या डब्यावर ठेवला. "ह्ये ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्यातलं निम्मं माजंच हाय."

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. पुढे माझ्या हाताखाली बाजारांवर काम करणारी मुलं घोडेगावला गेली. परत येऊन सांगायची, तिथे एक मावशी आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. मी विचारायची, बऱ्या आहेत ना? मुलं म्हणायची, हो, पण तुमचं नाव सांगितलं की कामाला लागतात.

बेलापूरला जायला मला दीड महिना लागला. दर रविवारी काहीतरी निमित्त निघायचं. शेवटी गेले तेव्हा रेखा ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कडेला तान्हं मूल झोपलेलं. लग्नात पाहिलेली ती गोल चेहऱ्याची मुलगी मला पटकन ओळखू आली नाही. तिनेच मला ओळखलं. पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. घोडेगावात रडले होते, इथे रडायचं नाही असं ठरवून आले होते, तेवढं मात्र पाळलं.

रेखा ऐकत होती. हातातली शेंग तशीच राहिली होती. माझं बोलणं संपल्यावर तिने ती शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण तिने घराच्या आत तोंड करून सासूला हाक मारली. आवाज मोठा होता, शेजारपाजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असा.

"आत्याबाई, बाहेर या. नगरहून कॉलेजातल्या मॅडम आल्यात. आईच्या वर्गात हुत्या. त्या सांगत्यात, आमची आई वर्गात समद्यात हुशार हुती. सरांनी तिला पीएच.डी.ला घ्यायचं ठरवलं हुतं."

सासू हात पुसत बाहेर आली. "आगं बया! खरं का काय? विहीणबाई कधी बोलल्या न्हाईत. आमाला ठाऊकच न्हवतं."

"मला बी न्हवतं," रेखा म्हणाली. तिने माझ्यासाठी सतरंजी अंथरली आणि सासूला माझ्यासमोर बसवलं. मग माझ्याकडे वळली.

"बसा मॅडम. आता आत्याबाईंना सांगा. पयल्यापास्नं सांगा, त्या खोडल्याचं बी सांगा."

मी बसले, आणि पहिल्यापासून सांगितलं.